पटावरून कमी झालेली गाडी

वर्गशिक्षकाचे अर्धे आयुष्य पट लिहिण्यात जाते. मूल सतत गैरहजर राहिले की काही दिवसांनी त्याचे नाव पटावरून कमी करावे लागे. कधी कधी असेही व्हायचे, की नाव कमी झालेला मुलगा एखाद्या सकाळी दप्तर घेऊन यायचा आणि गुपचूप आपल्या जागेवर बसायचा. हजेरी संपली की उभा राहून विचारायचा, "सर, माझं नाव नाही घेतलं?" मुलगा डोळ्यांसमोर उभा, पण शाळेच्या दप्तरी नाही. त्या दिवशी खेळताना त्याचा हात मोडला असता तर तो कोणत्या शाळेचा विद्यार्थी म्हणून लिहायचे, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नाही.

तो पडला पुष्कळ वर्षांनी, माझ्या स्कूटरमुळे.

१९९३ साली घेतलेली बजाजची स्कूटर. नंबर अर्थातच एम.एच.-११, म्हणजे आमच्या साताऱ्याचा. २००९ च्या ऑगस्टमध्ये भाचा ती काही दिवसांसाठी न्यायला आला. हल्लीची मुले कागद बघतात. त्याने आरसी बुक उघडले आणि म्हणाला, "मामा, गाडीचं पासिंग संपलंय. चौदा महिने झाले." मी म्हटले, "छे, आत्ताच तर विम्याचे पैसे भरलेत." तो म्हणाला, "विमा वेगळा, पासिंग वेगळं."

आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला एक तारीख वाचता आली नव्हती! त्या लाजेपोटी मी हा विषय थोडा खणून काढला. त्यातून जे हाती लागले ते आज लिहितो आहे.

गाडीला नंबर कशासाठी लागतो, इथून सुरुवात करावी लागेल. आपल्याला वाटते, सरकारला कर गोळा करायचा म्हणून. ते खरे आहेच, पण मूळ कारण वेगळे होते. १४ ऑगस्ट १८९३ रोजी पॅरिसच्या पोलीस खात्याने एक हुकूम काढला. प्रत्येक मोटारीवर धातूची पट्टी हवी आणि तिच्यावर मालकाचे नाव, पत्ता व परवानगीचा क्रमांक हवा. त्या काळी गावात टांगा कोणाचा हे घोड्यावरून नाहीतर टांगेवाल्यावरून लोक ओळखत. मोटार मात्र धूळ उडवून निघून जाई. धडक बसलेला माणूस रस्त्यावर पडलेला आणि धडक देणारा कोण, याचा पत्ता नाही! त्या पट्टीचा अर्थ एवढाच होता, की ही गाडी बेवारस नाही, हिच्याबद्दल जाब द्यायला अमुक एक माणूस आहे.

इंग्लंडने दहा वर्षांनी, १९०३ च्या मोटार कार कायद्याने हेच केले. १ जानेवारी १९०४ पासून तिथे गाडीची नोंदणी सक्तीची झाली. त्याच कायद्याने वेगाची मर्यादा वाढवून ताशी वीस मैल केली. म्हणजे सौदा असा, की वेगाने जा, पण नंबर लावून जा. तिथल्या बड्या लोकांना आपल्या खाजगी गाडीला भाड्याच्या गाडीसारखा नंबर लावणे कमीपणाचे वाटे. पण कायदा झाला तो झालाच.

तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचे राज्य. तिथे जे रुजले ते इथे यायला वेळ लागला नाही. प्रांतांनी आधी आपापले कायदे केले आणि १९१४ साली सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी एक मोटार वाहन कायदा आला. तो पुढे तोकडा पडू लागला, म्हणून १९३९ चा मोठा कायदा झाला. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही, हे त्यात स्पष्ट होते. नोंदणी स्थगित करण्याचे आणि रद्द करण्याचे अधिकारही त्यात होते. मला मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रस्त्यावरच्या त्रयस्थ माणसासाठी गाडीचा विमा सक्तीचा करणारे प्रकरण याच कायद्यात होते, पण ते लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. नंबर आधी आला, विमा मागून आला. नंबरामुळे जबाबदार माणूस सापडू लागला, पण त्याच्या खिशात भरपाईपुरते पैसे असतीलच असे नव्हते. ती उणीव विम्याने भरली. तेव्हापासून या दोन गोष्टी एका दोरीने बांधल्या गेल्या. ही दोरी लक्षात ठेवा, पुढे तिचेच काम आहे.

सध्याचा कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. आपल्या महाराष्ट्रात जुने 'एम'ने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर जाऊन एम.एच. आले, ते याच सुमारास.

या कायद्याचे एकोणचाळिसावे कलम साऱ्याच्या मुळाशी आहे. नोंदणी नसलेली गाडी कोणी चालवायची नाही आणि मालकाने ती चालवू द्यायचीही नाही. नोंदणी स्थगित किंवा रद्द झालेली असेल तरी तेच. म्हणजे चालवणारा गुन्हेगार आणि किल्ली देणाराही गुन्हेगार. भाच्याने आरसी बुक न बघता स्कूटर नेली असती, तर आम्ही मामा-भाचे दोघेही एकाच कलमात बसलो असतो.

नोंदणी हातची जाते ती साधारण तीन वाटांनी.

पहिली वाट म्हणजे मुदत संपणे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत अर्ज करायचा, गाडी आर.टी.ओ.त नेऊन तपासून घ्यायची आणि पुढच्या पाच वर्षांचे पासिंग करून घ्यायचे. त्यात गाडीचे दिवे, ब्रेक बघितले जातात, शिवाय चासीचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला जातो. पंधरा वर्षांत माणूस जागेवर आहे ना आणि गाडी तीच आहे ना, हे एकदा बघायचे. थोडक्यात, पट नव्याने लिहायचा.

भाड्याच्या आणि धंद्याच्या गाड्यांचे आणखी कडक. छप्पन्नावे कलम सांगते, की अशा गाडीकडे फिटनेसचा वैध दाखला नसेल तर ती एकोणचाळिसाव्या कलमापुरती नोंदलेलीच धरायची नाही. नंबरप्लेट जागेवर, आरसी बुक जागेवर, तरी कायद्याच्या दृष्टीने बिननोंदीची! शाळेच्या बस आणि मुलांना ने-आण करणाऱ्या व्हॅन याच कलमाखाली येतात. मी नोकरीत असताना सहलीच्या गाडीची टपावरची दोरीसुद्धा ओढून बघायचो, पण फिटनेसचा कागद एकदाही मागितला नाही.

दुसरी वाट नोंदणी काढून घेतली जाण्याची. गाडी रस्त्यावर आणणे लोकांच्या जिवाला धोकादायक आहे असे आर.टी.ओ.ला दिसले, तर दोष दूर होईपर्यंत तो नोंदणी स्थगित करू शकतो. परमिट नसताना भाड्याने चालवली तरीही स्थगिती येते. स्थगिती सलग सहा महिने राहिली तर नोंदणी रद्दही करता येते. खोट्या कागदांवर नोंदणी केली असेल किंवा इंजिन-चासीचे क्रमांक कागदाशी जुळत नसतील, तर रद्द. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला, तर त्या गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. शिवाय पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

तिसरी वाट नोंदणी अर्धवट ठेवण्याची. नवी गाडी शोरूममधून तात्पुरत्या नोंदणीवर बाहेर पडते आणि कायमचा नंबर 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणून राहून जातो. ही मुदत पूर्वी एक महिन्याची असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती सहा महिन्यांपर्यंत वाढवली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या गाडीने दोन तरुण इंजिनिअरांना चिरडले. चालवणारा अल्पवयीन होता असे पोलिसांनी सांगितले. त्या गाडीला नंबरप्लेट नव्हती. तात्पुरती नोंदणी परराज्यातली होती आणि कायमची नोंदणी १,७५८ रुपये फी न भरल्यामुळे अडकून पडली होती. कोट्यवधींची गाडी आणि १,७५८ रुपये! तो आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे.

आता शिक्षा. कलम १९२ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपये दंड. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच ते दहा हजार दंड, किंवा दोन्ही. कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. पोलिसांना गाडी अडकवून ठेवण्याचाही अधिकार आहे.

याच कलमात एक पोटकलम आहे. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने न्यायचे असेल, संकटात सापडलेल्यांसाठी अन्न किंवा औषधे पोहोचवायची असतील, तर हा गुन्हा लागू होत नाही. अट एकच, की सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला तसे कळवायचे. कायदा कोरडा असतो असे म्हणतात, पण हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रात्री-अपरात्री पेशंट घेऊन धावणारा कोणीतरी असणार.

मुदत संपल्यावर होणारा खर्चही आता वाढला आहे. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० आणि मोटारीची ६०० वरून ५,००० रुपये झाली. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि मोटारीला ५०० रुपये वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ही फी दुचाकीला २,००० आणि मोटारीला १०,००० केली गेली. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. दिल्लीची तर तऱ्हाच वेगळी. तिथे राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ च्या आदेशांनी पंधरा वर्षांवरची पेट्रोल आणि दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर आणायला बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई नको असे म्हटले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे संरक्षण बी.एस.-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. पटावर कोणी राहायचे हे तिथे हवा ठरवते आहे.

पण दंड आणि फी ही या विषयातली लहान बाब आहे. मोठी बाब मघाच्या त्या दोरीची.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सांगतो. पहिला सप्टेंबर २०१४ चा. हिमाचल प्रदेशातल्या एका माणसाची नवी पिकअप गाडी. विमा ४ लाख ३० हजारांचा, वर्षभराचा, चोख. तात्पुरती नोंदणी ११ जानेवारी २००६ ला संपली आणि २ फेब्रुवारीला अपघातात गाडीचा चक्काचूर झाला. मधले दिवस बावीस. विमा कंपनीने पैसे नाकारले. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि न्यायालय म्हणाले, की नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा तर आहेच, पण विम्याच्या कराराचाही तो मूलभूत भंग आहे. एक पैसाही मिळाला नाही.

दुसरा सप्टेंबर २०२१ चा. राजस्थानातली एक नवी बोलेरो, विमा ६ लाख १७ हजार ८०० रुपयांचा. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ ला संपली. २८ जुलैला मालक ती घेऊन जोधपूरला गेला. रात्री गेस्ट हाउसबाहेर उभी केली आणि सकाळी गाडी गायब. इथे तर अपघात नाही, चालवणाऱ्याची चूक नाही, गाडी उभी होती! पण न्यायालय म्हणाले, जोधपूरपर्यंत ती रस्त्यानेच आली ना? दावा फेटाळला. उशीर फक्त नऊ दिवसांचा.

बावीस दिवस आणि नऊ दिवस. आणि माझे चौदा महिने.

आता जे सांगतो ते मी आजवर घरातही नीट सांगितलेले नाही. त्याच चौदा महिन्यांत, २००९ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसाने रस्ता निसरडा झाला होता. मंडईजवळच्या उतारावर माझी स्कूटर घसरली आणि कडेला भाजी घेऊन बसलेल्या एका मावशींच्या अंगावर गेली. त्यांचे मनगट मोडले. मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले, प्लॅस्टरचे पैसे दिले आणि पुढचे दीड महिने दर आठवड्याला त्यांच्या हातात काही रक्कम देत राहिलो. त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही. उलट म्हणाल्या, "गुरुजी, पावसानं केलं, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

तेव्हा मला वाटले, आपण माणुसकीने वागलो. ऑगस्टमध्ये भाच्याने आरसी बुकातली तारीख दाखवली, तेव्हा मनात पहिल्यांदा त्याच आल्या. मनगटाऐवजी डोक्याला मार लागला असता तर? त्यांची मुले न्यायाधिकरणात गेली असती आणि विमा कंपनीच्या वकिलाने माझे आरसी बुक उघडले असते.

अशा वेळी न्यायालयांनी जखमी माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही, हे मात्र सांगायला हवे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या बाबतीत २००४ साली आणि परमिट नसलेल्या ट्रकच्या बाबतीत २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एक मार्ग दाखवला. विमा कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. नोंदणीच्या प्रकरणांतही हा मार्ग धरला जातो. म्हणजे मावशींच्या मुलांना पैसे मिळाले असते, पण कोर्टाच्या खेपा घालून, वर्षानुवर्षे थांबून. आणि वसुली निघाली असती ती माझ्या पेन्शनीवर आणि राहत्या घरावर. मी दरवर्षी भरलेला हप्ता मला उपयोगी पडला नसता. हप्ता घेताना आरसी बुकाची तारीख मला कोणी विचारली नव्हती हे खरे. पण तारीख माझ्या कपाटात होती, त्यांच्या नव्हे.

या गोष्टीची उलटी बाजूही आहे. नाव पटावर नसणे जसे घातक, तसे नको तिथे राहणेही. एका माणसाने २००७ साली आपली मोटार विकली. ती पुढे आणखी काही हातांतून गेली, पण आर.टी.ओ.च्या दप्तरात नाव पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात केला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दप्तरात ज्याचे नाव तोच मालक, भरपाई त्यानेच द्यायची. गाडी ज्याने दोन वर्षांत पाहिलीही नव्हती, तो जबाबदार! ऐकायला अन्यायाचे वाटते. पण जखमीच्या बाजूने बघा. गाडी कोणी कोणाला विकली याचा माग त्याने किती घरे हिंडून काढायचा? त्याच्या हातात फक्त नंबर असतो. पॅरिसच्या त्या पट्टीचा अर्थ सव्वाशे वर्षांनंतरही तोच आहे. म्हणून गाडी विकली तर नाव बदलल्याशिवाय किल्ली सोडू नये. गाडी मोडीत निघाली तर चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून नोंद रद्द करून घ्यावी. भंगारवाल्याने पत्रा नेला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

आपण नंबरप्लेटकडे पोलिसांच्या नजरेने बघतो. सापडलो तर दंड, नाही सापडलो तर सुटलो. मीही चौदा महिन्यांत एकदाही सापडलो नाही. पण नोंदणी पोलिसांसाठी नसतेच. ती रस्त्याच्या कडेला बसलेल्या अनोळखी माणसाला आपण दिलेली चिठ्ठी असते, 'माझ्यामुळे तुमचे काही झाले तर मी अमुक, अमुक ठिकाणी सापडेन.' मुदत संपलेल्या नोंदणीवर मी उतारावरून आलो तेव्हा माझ्या हातात ती चिठ्ठी नव्हती. मावशींनी माझ्यावर विश्वास ठेवला तो गुरुजी म्हणून. त्या विश्वासाला कागदाचा आधार नव्हता, हे त्यांना मी कधीच सांगितले नाही. पुढे त्या मंडईत दिसेनाशा झाल्या.

स्कूटरचे पासिंग मी त्याच महिन्यात करून घेतले. निरीक्षकाने चासीच्या क्रमांकावरून बोट फिरवले, कागदाशी ताडून पाहिला आणि शिक्का मारला. मला उगाचच जून महिन्यातला नवा पट आठवला. पाच वर्षांनी, मुदत संपायच्या आधीच, स्कूटर मोडीत काढली आणि नोंद रद्द केल्याचा कागद फाइलला लावून ठेवला. तो अजून आहे.

असो. फार लांबले. हे वाचून झाल्यावर उठा, कपाटातले आरसी बुक काढा आणि तारीख बघा. घरात कोणाची जुनी गाडी असेल तर तिचीही बघा. नातवंडे शाळेच्या व्हॅनने जात असतील तर तिच्या फिटनेसची तारीख विचारा. व्हॅनवाला जरा चिडेल. चिडू द्या.